घरचं पाणी

कावीळ झालेल्या माणसाला आमच्या गावात आधी सल्ला मिळतो, औषध नंतर. उसाचा रस प्या, मुळा खा, हळद सोडा, तेलाकडे पाहू नका, अमक्या गावी जा, तमक्याकडून माळ घाला. मला हे सगळं भरभरून मिळालं. जे कोणी सांगितलं नाही ते लिहायला बसले आहे, कारण आमच्यासारखी गावं वर्धा जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि नळ आता सगळीकडे पोचला आहे. नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. आजाराचं शास्त्र डॉक्टर सांगतील. मी फक्त काय झालं ते सांगते. मधूनमधून चिडले तर चालवून घ्या, आजाराआधीही मी काही गरीब गाय नव्हते.

मी विम्याची कामं करते. आमच्याकडे दारात पाहुणा आला की आधी पाण्याचा ग्लास येतो, विषय नंतर निघतो. तो ग्लास नाकारला तर माणूस तोंडावर काही बोलत नाही, पण मनातून उतरतो. त्यामुळे माझा निम्मा धंदा लोकांच्या घरचं पाणी पिण्याचा. सेलूपासून केळझरपर्यंत किती घरांचं पाणी प्यायले असेन याची गणती नाही. आजारपणात पडल्या पडल्या मी ते सगळे ग्लास आठवत असे. हा असेल का, तो असेल का. आजही एखाद्या दुपारी डोळे मिटले की तेच सुरू होतं.

खड्डा

आधी नळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पाण्याची टाकी गावाच्या एका टोकाला आणि आमची गल्ली दुसऱ्या. पाणी दिवसाआड सोडतात. टाकीजवळच्या घरांत धो धो येतं, आमच्याकडे येईपर्यंत त्याचा जीव निघालेला असतो. मग लोकांनी तोड काढली. नळ जितका खाली तितकी धार मोठी, म्हणून घरासमोर खड्डा करायचा, पाइप कापून त्याचं तोंड खड्ड्यात ठेवायचं आणि खाली उतरून भरायचं. एकानं केला की शेजाऱ्याचं पाणी कमी होतं. मग शेजारी त्याहून खोल करतो. असं करता करता आमच्या गल्लीत सगळेच पाण्यासाठी जमिनीत उतरले.

माझा आणि मंगलाचा खड्डा एकच होता. मंगला माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिच्या घरचं किराणा दुकान आहे, पिढीजात व्यापारी माणसं. आम्ही बौद्ध. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी याच दुकानाच्या पायरीवर त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. मंगला आणि मी मात्र एका खड्ड्यावर आळीपाळीनं भरायचो, भांडायचो आणि हसायचो. खड्डा बांधून झाला त्या दिवशी धार अशी जोरात आली की मंगलानं पाइपाच्या तोंडाला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "मंगला, त्याले साडीचोळी बी नेसव." ती हसून खड्ड्यातच बसली.

पाणी गेलं की त्या पाइपातून आवाज यायचा. घट, घट, घट. आम्ही म्हणायचो, नळाला तहान लागली. खड्ड्यात तळाशी सांडलेलं पाणी साचलेलं असायचं, बाजूच्या नालीचंही पाझरायचं. पाइपाचं तोंड त्यात बुडालेलं असायचं. तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आता कुणी बाटली तोंडाला लावून प्यायलं तरी मी खोलीबाहेर जाते.

दिवाळीनंतर

मंगलाची लेक पल्लवी नागपूरला दिलेली. पहिलटकरीण. नवरात्राच्या सुमारास ती बाळंतपणासाठी माहेरी आली. लहानपणी ही पोरगी माझ्याच ओट्यावर बसून शिवणटिपण शिकली होती. पोट सांभाळत, भिंतीला हात लावत ती आमच्याकडे यायची आणि माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसून पाय चेपून घ्यायची.

दिवाळीत मंगलाकडून फराळाचं ताट आलं आणि मला चकलीचा वास सहन होईना. चकलीचा! मला कणकण होती, पोट डचमळत होतं, जिना चढले तर पाय भरून यायचे. मी म्हटलं, दिवाळीची दगदग. पल्लवी मला पाहायला आली. पलंगाशी बसली, आमच्या माठातलं पाणी प्यायली, म्हणाली, "काकू, तुम्ही पडल्या त गल्ली कशी सुनी सुनी लागते. कोणी कोणाले बोलत नाई." मी म्हटलं, "म्हणजे मीच एकटी भांडखोर?" ती म्हणाली, "हाव."

दोनचार दिवसांनी माझे पती दिलीप, शाळेत शिकवतात, त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं आणि बाजारात बकरी पाहतात तशी माझी पापणी खाली ओढली. मग आत जाऊन आरसा आणला. डोळ्यांचा पांढरा भाग गेंद्याच्या फुलासारखा पिवळा झाला होता. तो चेहरा माझा होता आणि नव्हता. मी आरसा उलटा करून ठेवला. त्यानंतर बरेच दिवस मी आरशात पाहिलं नाही.

हात धुणारा माणूस

सासूबाईंचा आग्रह झाला, कावीळ उतरवणाऱ्याकडे चला. दिलीप चिडले. घरात त्यावरून चांगलीच जुंपली. मी दोघांनाही म्हटलं, भांडण बाहेर करा, मला उलटी येते आहे. शेवटी गेलो. त्या माणसानं माझ्या हाताला कसला तरी पाला चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अंगातलं खरंच उतरलं असं वाटलं. सासूबाईंनी हात जोडले.

तेवढ्यात दिलीप पुढे झाले आणि म्हणाले, "माह्याही हाताले चोळा बरं जरा." त्या माणसाला नाही म्हणता येईना. ठणठणीत दिलीपच्या हाताचंही पाणी तस्संच पिवळं झालं. सासूबाईंनी जोडलेले हात हळूच खाली घेतले. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "वर्ध्याले ने इले."

हा प्रसंग मी हसत हसत सांगायची. आता सांगवत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात पल्लवीचेही डोळे पिवळे झाले आणि तिला घेऊन मंगला त्याच माणसाकडे गेली. तिच्या सोबत हात पुढे करणारं कोणी नव्हतं. पिवळं झालेलं पाणी पाहून ती निश्चिंत होऊन घरी परतली.

वॉर्ड

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती झाले, तेव्हा वॉर्डात शिरताच निम्मी ओळखीची तोंडं दिसली. आमच्याच गावची. कोपऱ्यातल्या खाटेवरून एक बाई म्हणाली, "या बाई, तुमचीच कमी होती." काविळीच्या वॉर्डात माणसं एकमेकांशी बोलताना डोळ्यांतच पाहतात. प्रेमानं नव्हे. कालच्यापेक्षा पिवळं कमी झालं का, हे बघायला. स्वतःचे डोळे स्वतःला दिसत नाहीत ना.

सकाळी रक्त घ्यायचे, मग फिनाइलचा पोचा, मग डॉक्टरांचा राउंड. या आजाराला गोळी नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सलाइन, आराम, वाट पाहणं. वाट पाहणं हे फार अवघड औषध आहे. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. साफसफाईवाल्या मावशींनी एकदा ओला पंचा पिळून माझ्या पाठीवर ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. एवढं सुख मला सगळ्या आजारपणात दुसरं मिळालं नाही.

भीती कशी असते विचाराल तर ती मरणाची नव्हती. मला आपल्या तोंडाचीच भीती वाटायची. घोट घ्यायचा म्हटलं की ग्लास ओठांपाशी नेऊन परत खाली ठेवायची. याच वाटेनं ते आत आलं, हे डोक्यातून जाईना. माझी लेक पुण्याहून फोन करायची, "आई, भरपूर पाणी पी." मी हो म्हणायची आणि ग्लासाकडे पाहत बसायची.

दिलीप रोज घरून पाणी आणायचे. का, तर बाहेरचं पाणी बाधतं. आपल्याकडे सगळे असंच करतात. गावाला जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात पोचतानासुद्धा घरची बाटली बरोबर. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेखाली गावाकडून आलेला कॅन होता. एका सिस्टरनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ज्या पाण्यानं आलात तेच पाणी इथं येऊन पिताय?" तिनं आमचे सगळे कॅन ओतायला लावले. पण सिस्टर आमच्या वॉर्डाची होती. गरोदर बायकांना दुसरीकडे ठेवायचे.

पल्लवी

पल्लवीला आणलं तेव्हा मी व्हरांड्यात भिंत धरून चालायचा सराव करत होते. व्हीलचेअरवरून तिला नेत होते. मागे मंगला, तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. पल्लवीनं मला ओळखलं. डोळे माझ्याहून पिवळे, तरी हसली.

"काकू, तुम्ही त मस्त फिरून राह्यल्या."

"तूही फिरशील. दोघी मिळून फिरू," मी म्हटलं.

मंगलानं कॅनमधून पेल्यात ओतून तिला पाजलं. घरचं पाणी. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तोवर उशीर झाला होता, त्या पेल्यानं काही बिघडलं नसतं, हे डॉक्टरांनी मला नंतर दोनदा समजावलं. समजतं हो. पण तो पेला, त्याला लागलेले तिचे ओठ आणि मंगलाचा तिच्या हनुवटीखाली धरलेला हात, थेंब पोटावर सांडू नये म्हणून धरलेला, हे काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती बडबडायला लागली. मग आईला ओळखेना. मग झोपली ती उठलीच नाही. बाळही गेलं. जी कावीळ माझ्यासारखीला महिनाभर लोळवून सोडून देते, तीच पोटुशीला अशी नेते. हे मला माहीत नव्हतं, मंगलाला नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. म्हणून ठळक सांगते: पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. माळ, पाला, चुना यांच्या वाटेला जाऊ नका. उद्यावर टाकू नका.

मंगलाचं रडणं मला वॉर्डात ऐकू आलं. आमच्या वॉर्डात त्या दुपारी कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

पाणी तपासणारी मुलगी

मी घरी आले तेव्हा गावात टँकर फिरत होता आणि जिल्ह्याहून पाणी तपासायला माणसं आली होती. त्यांच्यात एक तरुण मुलगी होती. तिनं काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले. पाण्यात जंतू मारायचं क्लोरीनचं औषध शिल्लक असेल तर रंग पिवळा येतो, म्हणाली. आमच्या खड्ड्यातलं पाणी तसंच पांढरं राहिलं.

पाणी सोडणारा गजू तिच्या शेजारी उभा होता. गरीब माणूस, घाबरून गेला होता. "मॅडम, मी रोज पाह्यतो न. रोज पिवळं येते."

"कुठे पाहता?"

"टाकीखालच्या घरी."

गजू खोटं बोलत नव्हता. टाकीखालच्या घरी रोज पिवळंच यायचं. नियम रोज पाळला जात होता, कागदोपत्री आमचं गाव स्वच्छ पाणी पीत होतं. फक्त शेवटच्या नळापर्यंत चालत कुणी आलं नाही. त्याआधी पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणारेही आम्हीच होतो, की चहा बिघडतो, डाळीला चव येत नाही.

मग ती मुलगी खड्ड्याच्या काठावर बसली. म्हणाली, "काकू, पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि तोंडाशी जे असेल ते आत ओढून घेतो. पुढच्या वेळी तेच सगळ्यात आधी तुमच्या हंड्यात."

मी तिला त्या आवाजाचं सांगितलं. घटघट. ती म्हणाली, "हो, तोच." ती एवढ्या सहज म्हणाली की मला ओट्यावर बसावं लागलं.

मी आणखी एक विचारलं. कावीळ माणसाकडून माणसाला किती दिवसांत लागते? ती म्हणाली, "आज पिवळं झालेल्या माणसानं ते पाणी महिना दीड महिन्याआधी प्यायलेलं असतं. दोनचार दिवसांत नाही होत काही."

हे विचारण्याला कारण होतं.

त्यांच्या घरचं पाणी

गल्लीत एक बोलणं फिरत होतं. पल्लवी आजारी माणसाला पाहायला गेली, त्यांच्या घरचं पाणी प्यायली आणि तिला लागलं. सुरुवात मंगलानंच केली होती. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी वाचले होते आणि तिची पोरगी गेली होती, तिचं तोंड फिरवणं मला कळत होतं. मला मी वाचल्याचीच लाज वाटायची. अंगात ताकद यायला लागली, भूक लागायला लागली, याचीसुद्धा.

पण 'त्यांच्या घरचं पाणी' हे शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले आणि त्यांना जुना वास यायला लागला. दुकानाच्या पायरीवर कुणी बोललं, ते सासूबाईंनी ऐकलं. घरी येऊन त्या माठाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे मी लहानपणी ऐकलं हाये. मले वाटलं होतं, आता मरेपर्यंत नाई आयकू येत."

दिलीप म्हणाले, जाऊन सांग ना तिला, त्या मुलीनं काय सांगितलं ते. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य कसं बोलायचं? माझ्या घरचं पाणी नव्हतं, म्हणजे कुणाच्या घरचं होतं? ज्या खड्ड्याला तिनं कुंकू लावलं त्याचं. पल्लवी माहेरी आली त्या दिवसापासून मंगलानं स्वतःच्या हातानं भरलेलं, स्वतःच्या हातानं पाजलेलं. मी सुटायचं तर तिच्या हातात तो पेला द्यावा लागणार होता. ते माझ्यानं होईना. मी गप्प बसले. मी गप्प बसले आहे यावर घरात कुणाचा विश्वास बसत नव्हता.

गप्प बसायचाही त्रास होतोच. काम पुन्हा सुरू केलं, पण मी कुणाच्या घरी पाणी घेईना. बॅगेत उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवायची. सिंदीला कापसाचा धंदा करणारे एक म्हातारे गृहस्थ, माझं जुनं गिऱ्हाईक, ग्लास परत जाताना पाहून हसले आणि म्हणाले, "काय ताई, आता तुमाले आमचं पाणी नाई चालत का?" ते गमतीनं बोलले. मी पण हसले. रस्त्यात गाडी थांबवून मग रडले.

खड्डे बुजवले, नवी पाइपलाइन आली, नळ जमिनीच्या वर बसले. धार करंगळीएवढी. पलीकडच्या गल्लीत उन्हाळा लागताच कुणीतरी पुन्हा खड्डा केला. वर फरशी टाकून, फरशीवर कुंडी ठेवून. मी त्या गल्लीतून जात नाही.

बोलले ते

मग कळलं, मंगलाच्या सुनेला, सपनाला, दिवस गेले आहेत.

ती बातमी ऐकली तेव्हा मी भाजी निवडत होते, तशीच हात न धुता उठले. मंगलाला जर वाटत असेल की ते माझ्यापासून लागलं, तर ती नळाचं पाणी तसंच पाजत असणार. नळ वर आला म्हणून काय झालं? शेवटच्या नळाशी तपासायला अजूनही कुणी येत नाही. आता तिचं काय व्हायचं ते होवो, आपण बोलायचंच, असं ठरवून मी गेले. दुपारची वेळ, दुकान जेवणापुरतं बंद होतं. मागच्या दारानं शिरले.

स्वयंपाकघरात गॅसवर मोठ्या पातेल्यात, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात, पाणी उकळत होतं. वर झाकण थडथडत होतं. ओट्यावर आणखी दोन गंज निवत ठेवलेले, फडकं बांधून. मी दारातच उभी राहिले. मला काही सांगायची गरज राहिली नव्हती, तशीच परत फिरले असते. पण मंगलानं पाहिलं.

 तिनं निवलेल्या गंजातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. कितीतरी महिन्यांनी मी दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायले. गळ्याखाली उतरताना मला सगळ्या अंगात कळलं.

"बोल," ती म्हणाली.

"सपनाचं आयकलं म्हणून आलती. पण तू त..."

"हाव. उकळतो."

"म्हणजे तुले मालूम हाये."

"ते पोट्टी आलती न पाणी तपासाले, तुह्यापाशी बसून बोलत होती. मी खिडकीतच होतो."

म्हणजे ती मुलगी आली त्या दिवसापासून. मला संताप आला. "मंगला, तुले मालूम होतं अन् तू गल्लीभर माहं नाव घेऊन राह्यली? माह्या सासूनं आयकलं ते. या वयात. काऊन केलं तू असं?"

तिनं गॅस बारीक केला. पाठमोरीच बोलली.

"म्या माह्या हातानं भरलं व ते पाणी. रोज तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवो. दवाखान्यात बी घरूनच नेलं. त्या हात धुणाऱ्याकडे बी मीच नेलं. तुह्यावर राग नाई धरला त मले या हातावर धरा लागते. अन् याच हातानं मले सैपाक करा लागते, याच हातानं सपनाचं बाळंतपण करा लागते. कसं करू सांग." मग झाकण सारखं करत म्हणाली, "थोडे दिवस राहू दे माह्यापाशी. तेवढा राग."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. तिला धरून हलवावं असं वाटत होतं आणि जवळ घ्यावं असंही. यातलं काहीच केलं नाही. दोघी रडलो, पण आपापल्या जागी उभ्या राहून. पाणी उकळत होतं.

निघताना मी म्हटलं, "राग ठेव. पाह्यजे तितके दिवस ठेव, मी सोसतो. पण माह्यावर ठेव. 'त्यांच्या घरचं पाणी' म्हणू नोको. ते मी नाई सोसणार, मंगला. ते माह्या घरात कोणीच सोसणार नाई."

तिनं उकळलेला गंज उतरवून त्यावर फडकं बांधलं.

पुढच्या पाळीला नळावर पाच सहा बायका होत्या. पलीकडच्या गल्लीतली एक बाई भरायला आली होती. तिनं माझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मंगलाला मुद्दाम हळू आवाजात विचारलं, "यायच्याच घरचं पाणी पेली होती म्हणतात न तुमची पोट्टी?"

मंगलानं हंडा धारेखाली सरकवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाणी आमच्या दोघींच्या घरी एकाच नळाचं होतं. पाण्याचं नाव नोको घेऊ."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी फिरवू दिलं.